एली याजकाची चूक आणि आपली
(शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१–१८)

शिलो येथें हन्ना मनांत प्रार्थना करीत होती. ओंठ हालतात पण शब्द ऐकूं येत नाहीं, एवढ्यावरून एली याजकानें तिला मद्यपी ठरविलें. एली दुष्ट नव्हता. त्यानें बाहेरचें पाहिलें, आंतलें विचारलें नाहीं.

हीच चूक मजकडून घडली. वसमत तालुक्यांतील एका स्थूल भगिनीचा पति ऊसतोडीस परगांवीं गेलेला, घरावर कर्ज, रात्रीं झोंप नाहीं. वजन उतरावें म्हणून ती वारंवार उपास करी, तरी तें उतरेना. ही चोरून खाते अशी मंडळींत कुजबुज झाली, आणि मीं तिला खादाडपणाविषयीं बोध केला. पुढें दोन रविवार ती उपासनेस आली नाहीं.

आतां शरीराची रीत पाहूं. अन्न जाळून शरीर आपलीं कामें चालवितें, त्यास चयापचय म्हणतात. दुष्काळांत शहाणी गृहिणी कणगींतलें धान्य हात आंखडून काढते, तसें अन्न कमी पडतांच शरीरहि कमी जाळूं लागतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं हें ३६ तरुणांच्या ठायीं पाहिलें. धर्मबुद्धीनें शस्त्र न धरणारे हे तरुण, त्यांत पुष्कळ ब्रेदरन, क्वेकर व मेनोनाइट मंडळ्यांचे. युद्धांत उपासमार झालेल्यांस पुन्हां कसें पोसावें हें कळावें, म्हणून ते २४ आठवडे अर्धपोटीं राहिले. वजन सुमारें चतुर्थांश घटलें. परंतु नाडी मंदावली, थंडी वाजूं लागली, शरीराचें जाळणें वजनाच्या मानानेंहि अधिक घटलें, आणि मनांत अन्नावांचून दुसरा विचार राहीना.

दुसरें कारण चिंता. संकटसमयीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत येतो. वाघ दिसल्यास तो उपयोगी. पण सावकार रोज दिसतो. चिंता टिकली म्हणजे गोड व तेलकट खाण्याची इच्छा वाढते, मेद पोटाभोवतीं सांचतो, आणि झोंप मोडल्यानें भूक आणखी वाढते. शिवाय आपला बांधाहि निराळा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून जवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासांत नवजात मुलें सरासरी २.७ किलो भरलीं. इंग्लंडांतील मुलांहून तीं बरींच हलकीं, तरी अंगांत मेदाचा वांटा मानानें अधिक.

खाण्याचा संबंधच नाहीं असें कोणी समजूं नये. दिवसांतून सहा वेळां घेतलेल्या चहांतील साखरहि मोजावी लागते. तथापि, उपदेशक बंधूंनो, मधुमेहाचें औषध घेणाऱ्यास वैद्यास विचारल्यावांचून उपास सांगूं नका. आणि वजन विनाकारण वाढत असेल तर थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावयास सरकारी दवाखान्यांत पाठवा.

एलीनें शेवटीं हन्नेचें ऐकलें व तिला आशीर्वाद दिला. मग ती जेवली. मींहि त्या भगिनीच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. तिची थायरॉइड ग्रंथि निर्दोष निघाली. आतां ती सकाळीं भाकरी-वरण खाऊन कामास जाते, आणि कर्जाचा हिशेब मंडळींतील दोघां वडिलांनीं हातीं घेतला आहे. झोंप येऊं लागली आहे. वजन अद्याप फारसें उतरलेलें नाहीं.