खून कसा रचावा? (फक्त हॉस्टेलपुरता!)

मित्रांनो, शीर्षक वाचून वॉर्डन सरांनी घाबरू नये! विठ्ठलवाडीच्या आमच्या हॉस्टेलवर ‘मर्डर मिस्टरी’ची रात्र ठरली आणि कथा रचायचं काम माझ्याकडे आलं.

रचना उलटी करायची. आधी खुनी ठरवा, मग कारण, शेवटी पुरावे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला आपल्या कामाचा एकच : डिटेक्टिव्हला मिळालेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही. म्हणून प्रत्येक पुरावा दोन चिठ्ठ्यांत लिहा. एकजण मेसमध्ये गायब झाला तरी खेळ अडत नाही.

फर्स्ट इयरच्या पोराला नेहमी प्रेत करून कोपऱ्यात झोपवतात, हे मला पटत नाही. प्रेत म्हणून उशी चालते. महत्त्वाचा पुरावा दोन ज्युनिअर्सकडे द्या, म्हणजे सीनियर्सना त्यांच्याशी बोलावंच लागतं.

खेळ आधी, पिक्चर नंतर; कारण अंबरनाथ-बदलापूरच्या मित्रांना लोकल गाठायची असते. पिक्चर यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९). एकही गाणं नाही, बहुतेक गोष्ट एका रात्रीतली. शेवटाआधी थांबवा आणि खुनी कोण ते कारणासकट लिहून घ्या. ज्यांनी आधी पाहिलाय, त्यांना चहा वाटायला बसवा!