कऱ्हाड दोनदा का दिसलं?

गेली बारा वर्षं मी सर्वेक्षणांच्या टेबलांची माहितीपत्रकं तयार करते. कोणत्या कॉलममध्ये काय आहे, कोणकोणती मूल्यं येतात, त्यांचा अर्थ काय, हे त्यात लिहायचं असतं. बहुतेक ठिकाणी हे काम सगळ्यांत शेवटी घाईघाईत उरकतात. मला मात्र ते फार मोलाचं वाटतं. आपण भेटणारही नाही असा कुणीतरी उद्या ते टेबल उघडणार असतो आणि त्याच्या हातात आपली ही यादीच असते.

१. यादी टेबलातूनच काढावी.
सुरुवातीला मी प्रश्नावली समोर ठेवून मूल्यं लिहायची. 'पाण्याचा स्रोत' या प्रश्नाला छापील पर्याय होते १ ते ६. टेबलात मात्र ९ आणि ९९ होते, शिवाय एकाच गावापुरता ७ होता. त्या गावात गेलेल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, तिथं सगळ्यांना टँकरचंच पाणी. तुमच्या कागदावर टँकर नव्हता, मग मी सात लिहिलं." सात हा आकडा यादीत आणणं यंत्राला जमलं. त्याचा अर्थ ताईंकडेच होता.

२. मूल्याशेजारी ते किती वेळा आलं, हे लिहावं.
'हो' हजारोंनी आणि 'होय' तीनदाच, हे दिसलं की वाचणाऱ्याला काय झालंय ते लगेच उमगतं.

३. यादी पूर्ण आली का, ते मोजावं.
मायएसक्यूएलमध्ये ग्रुप_कॉन्कॅट वापरून एका कॉलमची सगळी वेगवेगळी मूल्यं एका ओळीत मिळतात. पण त्या ओळीची मर्यादा मुळात १०२४ बाइट असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ३४० चिन्हं. महाराष्ट्रात तालुके ३५८. माझी यादी 'क'च्या नावांतच कुठेतरी तुटली होती. इशारा आला होता, पण स्क्रिप्ट रात्री आपोआप चालायची, त्यामुळे तो कोणी वाचला नाही. तेव्हापासून आधी ही मर्यादा, म्हणजे ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन, वाढवते, आणि यादीतल्या नावांची संख्या वेगळ्या क्वेरीने ताडून पाहते.

४. डोळ्यांना एक दिसणारी नावं यंत्राला दोन असू शकतात.
पायथनने काढलेल्या तालुक्यांच्या यादीत कऱ्हाड दोनदा आलं. मागेपुढे मोकळी जागा असेल म्हणून ती काढली, तरी दोनदाच. शेवटी दोन्ही नावांची लांबी छापली: एक ६, एक ७. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. दोन वेगळ्या कीबोर्डांवर टंकलेली, आणि दोघांनीही आपल्या परीने बरोबरच टंकलेली. यूनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही ती एक होत नाहीत, बदल आपणच नियम लिहून करावा लागतो. तऱ्हा, वऱ्हाड, दुसऱ्या, पुऱ्या... मराठीत हा र पावलोपावली भेटतो, म्हणून ही तपासणी मी आता प्रत्येक टेबलावर करते. 'कराड' असं लिहिणारे आणखी वेगळे. ते चूक नाहीत, पण एकत्र आणताना तशी नोंद करावी लागते.

५. रिकाम्या जागाही मोजाव्यात.
ग्रुप_कॉन्कॅट काय, पोस्टग्रेसचं स्ट्रिंग_अ‍ॅग काय, दोन्ही नल मूल्यं सोडून देतात. यादी नीटनेटकी दिसते आणि अर्धा कॉलम रिकामा असल्याचं कळतच नाही.

६. यादीला काळ असतो.
२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५, त्यांचे कोड ४९७ ते ५३१. असे सलग कोड सगळे लिहून काढण्यापेक्षा 'पासून–पर्यंत' लिहिलेलं वाचायला सोपं. पण पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे तो त्या कोडांत सापडत नाही. उस्मानाबाद आणि त्याच जिल्ह्याचं नवं नाव धाराशिव एकाच यादीत आले, तर बाहेरच्या वाचकाला ते दोन जिल्हे वाटतात. यादी कोणत्या वर्षाची, हे तिच्या डोक्यावरच लिहिते.

७. विभाजक जपून निवडावा.
मूल्यातच स्वल्पविराम असेल, तर स्वल्पविरामाने जोडलेली यादी विस्कटते. मी अशा वेळी प्रत्येक मूल्य नव्या ओळीवर घेते. शेवटच्या नावाआधीचा 'आणि' वाक्यात शोभतो. कोडांच्या यादीत नको, लोक ती जशीच्या तशी उचलून क्वेरीत टाकतात.

८. यादी बाहेर जाण्याआधी माणसाने वाचावी.
'इतर आजार' या मोकळ्या मजकुराच्या कॉलमची यादी एकदा मी आपोआप काढून तशीच पाठवली. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी वाचायला घेतली, तर त्यात एका आजाराचं नाव होतं, शेजारी संख्या १, आणि टेबल गावनिहाय. दोनशे घरांचं गाव. तिथे ते घर कोणतं, हे ओळखायला व्यक्तीचं नाव लागलं नसतं. पुढच्याच एका ओळीत कुणाचा तरी मोबाइल क्रमांक. त्याच रात्री फाइल परत मागवली. पाचपेक्षा कमी वेळा आलेली सगळी मूल्यं 'इतर'मध्ये घेतली, मोकळ्या मजकुराचे कॉलम यादीतून काढले, आणि सकाळी दोन ओळींचं कारण लिहून नवी प्रत पाठवली.