आरोग्याचा पाठ : प्रोस्टेटचा उपचार आणि रक्ताची तपासणी



पानाचा रंग बदलला की उसाला काय कमी पडले ते आपण ओळखतो. शरीराचे तसे बाहेरून कळत नाही, रक्त तपासावे लागते. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना तर ही तपासणी चुकवून चालत नाही. ती का, हे या पाठात पाहू.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी लहानशी ग्रंथी. तिचा कॅन्सर बहुधा उतारवयात होतो व टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसतो. हे संप्रेरक तोडले की रोग मागे हटतो, हे अमेरिकेतील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. १९६६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. रोग पसरलेला असेल तर आजही इंजेक्शने देऊन किंवा वृषण काढून हेच करतात.

पण रक्ताच्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, आणि तांबड्या पेशी वाढवायला हेच संप्रेरक जोर देते. तणाचे पाणी तोडायला गेले की उसालाही थोडा ताण बसतो, तसेच हे आहे. काही महिन्यांत हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमने, कधी त्याहून जास्त उतरते. चालताना दम लागतो, बांधावर बसावंसं वाटतं. घरचे म्हणतात, वय झालं! पण प्रत्येक वेळी ते वय नसते. रोग हाडांत पसरला असेल तरीही मगजाचे काम मंदावते. म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक सुरू करू नये. लोह कमी आहे का, ते आधी तपासून घ्यावे.

डोसेटॅक्सेल या औषधाची केमोथेरपी चालू असेल तर पांढऱ्या पेशी घटतात. सलाईन लावल्यानंतर साधारण आठवड्याभराने त्या सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत १००.४ अंश किंवा अधिक ताप आला तर तोडणीची टोळी फडात असली तरी थांबू नये. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. यात हयगय झाली तर जिवावर बेतते.

प्लेटलेट्स घटल्या तर हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग पडतात. ओलापॅरिबसारख्या नव्या गोळ्यांनी किंवा किरणोपचारानंतर क्वचित मगजाचाच गंभीर आजार उद्भवतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितकी वर्षे तपासणी चालू ठेवावी.

एवढे वाचून भिऊन उपचार सोडू नयेत, ही आमची कळकळीची विनंती. रक्तातील बहुतेक दोष वेळीच कळले तर डोस बदलून, औषध देऊन किंवा रक्त चढवून सावरता येतात. उसाच्या बिलाच्या पावत्या जपतो, तसे रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवावेत व प्रत्येक खेपेला डॉक्टरांना दाखवावेत.