सामुदायिक आज्ञावली-लेखन : सुरक्षितता आणि कार्यशाळा

जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, विजेची देयके आणि बँकेतील ठेवींचे हिशेब ह्या सर्व बाबी आज संगणकावर तयार होतात. संगणक स्वतःहून काहीही ठरवीत नाही; त्याला लिहून दिलेल्या सूचनांबरहुकूम तो काम करतो. ह्या सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. ही आज्ञावली कोण लिहितो आणि ती कोण तपासतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत संगणकप्रेमींचे मेळावे भरतात, तेव्हा ह्या प्रश्नाचा विचार तेथे अग्रक्रमाने व्हावयास हवा.

सहकार्याची पद्धत

मोठी आज्ञावली एकट्याच्या हातून क्वचितच पूर्णत्वास जाते. फिनलंडमधील एक विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली लिनक्स ह्या प्रणालीचा आरंभ केला व ती सर्वांसाठी खुली ठेवली. पुढे जगभरातील हजारो लेखकांनी तीत भर घातली. एवढ्या लोकांचे लेखन सांभाळण्यासाठी टोरवाल्ड्स ह्यांनीच २००५ साली गिट नावाचे साधन तयार केले. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली, ह्याची नोंद त्यात राहते.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. गावकरीच्या, म्हणजेच कोमुनिदादीच्या, कारभारात अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार ही पदे निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. एकाचे काम दुसऱ्याच्या दृष्टीखालून जाते, हा त्याचा मोठा लाभ होय. आज्ञावलीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. मात्र नोंदवही ठेवली म्हणजे ती वाचली गेलीच, असे नव्हे.

दोन घटनांचा धडा

संकेतस्थळाशी होणारे आपले संभाषण गुप्त राखणारी ओपन-एसएसएल नावाची आज्ञावली जगभर वापरली जाते. २०१२ साली तिच्या नव्या आवृत्तीत एक चूक शिरली. समोरच्याने ‘मी पाठविलेला शब्द पाचशे अक्षरांचा आहे’ असे सांगितले, की ती मोजून न पाहता तेवढी अक्षरे परत धाडीत असे. शब्द प्रत्यक्षात चारच अक्षरांचा असला, तर उरलेली अक्षरे यंत्राच्या स्मृतीतून उचलली जात; त्यांत कोणाचा पासवर्डही असू शके. आज्ञावली सर्वांना वाचावयास खुली असूनही ही चूक सुमारे दोन वर्षे टिकली. एप्रिल २०१४ मध्ये ती ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने उघडकीस आली.

दुसरी घटना २०२४ सालची. मजकूर दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची आज्ञावली लास्से कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्यानेच, विनामोबदला सांभाळीत होते. ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या एका सहभाग्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्यांचा विश्वास संपादन केला. त्याच सुमारास इतर काही नावांनी पत्रे येऊन, काम संथ चालले आहे, दुसऱ्याकडे सोपवा, असा दबाव आणला गेला. अधिकार हाती आल्यानंतर अखेर त्या सहभाग्याने आज्ञावलीत चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश घेताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याने त्याचा छडा लावला आणि चोरवाट बहुसंख्य संगणकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बंद झाली.

पहिल्या घटनेत तपासणीच्या नजरेतून चूक निसटली. दुसरीत थकलेल्या एकट्या माणसावर सारा भार होता. दोहोंचा बोध एकच : सुरक्षितता ही कुलपात नसून, दुसऱ्याचे काम काळजीपूर्वक वाचणाऱ्या माणसांत आहे. असे वाचणारे घडविणे हे कार्यशाळेचे खरे काम होय.

कार्यशाळा कशी असावी

पुष्कळ कार्यशाळांत वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात आणि चहापानानंतर सर्व पांगतात. त्याहून निराळा एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९९८ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी शास्त्रज्ञांसाठी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हे वर्ग सुरू केले. प्रारंभी आठवडाभराचे असलेले हे शिक्षण अनुभवान्ती दोन दिवसांवर आणले गेले. तेथे शिक्षक सर्वांसमक्ष ओळ टंकित करतो आणि विद्यार्थी त्याच्याबरोबर ती लिहितात. प्रत्येकाजवळ दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. एक रंग ‘झाले’ म्हणून, दुसरा ‘अडलो’ म्हणून संगणकावर लावावयाचा. हात वर करण्याचा संकोच त्यामुळे उरत नाही व मदतनीस नेमका तेथे पोहोचतो. सत्र संपताना काय साधले व काय उणे राहिले, हेही विद्यार्थी लिहून देतात.

आपल्याकडे काय करता येईल

ग्रामीण शाळांत एका संगणकापुढे दोन-तीन मुले बसतात. ही उणीव मानली जाते. परंतु एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून शंका काढावी आणि काही वेळाने जागा बदलाव्यात, ही जोडीने लिहिण्याची रीत नामांकित संगणक-व्यवसायांतही रूढ आहे. शिक्षकांनी तिचा अवलंब करावा. केवळ जागा बदलण्याची वेळ कटाक्षाने पाळावी. अन्यथा धीट मूल लिहीतच राहते आणि बुजरे मूल पाहतच राहते.

मेळाव्याच्या संयोजकांनी प्रत्येक बैठकीत निदान अर्धा तास दुसऱ्याची आज्ञावली वाचण्यास द्यावा. पासवर्ड सामायिक आज्ञावलीत कधीही लिहू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

कार्यालयासाठी आज्ञावली करवून घेताना अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : लिहिणाऱ्याखेरीज ही कोणी वाचली आहे? आणि तिचा सांभाळ करणारा एकटाच तर नाही ना?

ग्रामस्थांनीही आपल्या उताऱ्यातील नाव व क्षेत्र स्वतः वाचून पाहावे आणि विसंगती आढळल्यास ती तत्काळ संबंधित कार्यालयाच्या नजरेस आणावी. अर्ध्या सेकंदाच्या विलंबाकडे एका दक्ष माणसाने दुर्लक्ष केले नाही, म्हणून मोठे संकट टळले. तशी दक्षता प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी राखता येण्यासारखी आहे.