मुलांचा राग : आधी शरीर निवू द्या, मग बोला

गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या वाटेवर माझा दवाखाना आहे. १९४९ साली शहरातील म्हशींसाठी वसवलेल्या या दूध वसाहतीत तबेले आहेत, कर्मचाऱ्यांची घरे आहेत आणि त्यांच्याही आधीपासून नांदणारे आदिवासी पाडे आहेत. रोगी सर्व थरांतले येतात. पण एक दुखणे सगळ्यांच्या घरी सारखेच दिसते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, उजव्या हाताची मूठ सुजलेली, करंगळीच्या मुळाचा उंचवटा आत बसलेला. सोबत आई. "न्हाणीघरात घसरला," असे ती सांगते. घसरलेला माणूस तळहातावर पडतो, मुठीवर नाही. मी मुलाला एवढेच विचारतो, "काय रे, भिंत होती की दरवाजा?" तो मान खाली घालतो आणि सांगून टाकतो. एक्स-रेमध्ये करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडलेले दिसते. तीन-चार आठवडे आधार दिला की ते बहुधा जुळते. (जाता जाता सांगतो, ठोसा कोणाच्या दातावर बसून बोटाच्या सांध्यावर जखम झाली असेल, तर ती कितीही लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तोंडातले जंतू सांध्यात शिरतात.)

हाड जुळते, पण राग तिथेच असतो. मग आई हळूच विचारते, "डॉक्टर, याचा राग कमी करायला एखादी गोळी नाही का?"

अशी गोळी नाही. पण राग येतो तेव्हा शरीरात काय घडते हे समजले, तर निम्मे काम होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. राग आला की त्यांतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास भराभर होतो, स्नायू ताठरतात, कान तापतात. वाघ समोर आला तर पळावे किंवा लढावे, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. समोर वाघ नसून गणिताचा पेपर किंवा वडील असले, तरी शरीर तीच तयारी करते. तिला लगाम घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. भावना उसळवणारा भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतो. म्हणजे गाडीचे इंजिन नवे कोरे आणि ब्रेक अजून बसवायचे चालले आहेत! "एवढा घोडा झाला तरी कळत नाही," असे आपण म्हणतो. कळते त्याला, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत कळलेले उपयोगी पडत नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे पालकांना आहे. मुलाचा पारा चढलेला असताना त्याला उपदेश करू नका. त्या वेळी त्याच्या कानात फक्त तुमचा आवाज जातो, शब्द जात नाहीत. आपण आवाज खाली आणावा, "आपण जेवल्यावर बोलू," एवढेच म्हणावे आणि बाजूला व्हावे. जेवल्यावर मात्र बोलायचे, विसरायचे नाही. विषय टाळला की मुलाला वाटते, ओरडल्याशिवाय या घरात कोणी ऐकत नाही.

"राग दाबू नये, बाहेर काढावा," असा एक समज फार पसरला आहे. उशी बडवा, पिशवीला ठोसे मारा, मैदानाला चार चकरा मारा, असा सल्ला दिला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील संशोधकांनी १५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०२४ साली प्रसिद्ध केले. त्यात दिसले ते उलटेच. शरीर तापवणाऱ्या उपायांनी राग एकंदरीत उतरत नाही, धावण्याने तर तो वाढण्याचाच कल दिसला. शरीर शांत करणारे उपाय, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे, हेच उपयोगी ठरले. व्यायाम वाईट असा याचा अर्थ नव्हे. रोजचा खेळ ताणासाठी उत्तमच आहे, पण भडकलेल्या क्षणाचे औषध तो नव्हे.

त्या क्षणासाठी मी मुलांना एकच गोष्ट शिकवतो. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर. बाहेर सोडणे लांबले की हृदयाची गती मंदावते. नाडीवर बोट ठेवून मुलाला ते स्वतः मोजायला लावा, त्याशिवाय या वयाची मुले विश्वास ठेवत नाहीत! पाच मिनिटे पुरतात. मात्र हा सराव शांत असतानाच, रोज झोपण्यापूर्वी करावा. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आता झोपेविषयी. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी. या वयात झोप आणणारे द्रव्य मेंदूत उशिरा स्रवू लागते, त्यामुळे रात्री अकरापर्यंत डोळा न लागणे हा निव्वळ आळशीपणा नाही. वर उशाशी मोबाइल आणि सकाळी सातची शाळा. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला. चांगलेच झाले, पण सकाळची झोप ज्यांना सर्वांत जास्त लागते ती मोठी मुले त्यातून सुटली. निदान घरात रात्री दहानंतर सर्वांचे मोबाइल, वडिलांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवावेत. एकच खोली असेल तर फळीवर.

मुलगी सतत चिडचिडी, थकलेली, अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार असेल तर स्वभावाला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. शाळेतून आणि अंगणवाडीतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाकून देऊ नका. जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते.

"संध्याकाळी मुलांना मोकळ्या हवेत सोडा," असे सांगणे मला पाड्यांवरच्या आयांपुढे जड जाते. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बिबट्याने येथे अनेकांवर हल्ले केले, पुढच्या वर्षी दिवाळीत एक तान्ही मुलगी दगावली. अंधार पडला की मुले घरात, आणि घरात मोबाइल. अशा ठिकाणी खेळ शाळेतून आल्या आल्या, उजेडातच व्हायला हवा. शिकवणी नंतर.

मग राग वाईटच का? नाही. अन्याय दिसला की राग यावा, तो तरुणपणाचा गुणच आहे. प्रश्न त्याचे काय करायचे हा. याच आरेत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. त्याच वेळी कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते जनहित याचिका म्हणून घेतले आणि ७ ऑक्टोबरला पुढील वृक्षतोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. पुढे कारशेड तेथेच झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो धावू लागली. कोण बरोबर, हा वाद या सदराचा नाही. मुलांना मी पत्रापुरतेच सांगतो. राग निवल्यावर तो कागदावर उतरवला, तर तो कुठेतरी पोहोचण्याची शक्यता असते. शिक्षकांनी वर्गासमोर अपमान केला, मित्राने फसवले, तर "मला काय झाले, मला काय हवे," या दोन ओळी लिहून पाहा. दाखवायच्या की फाडायच्या, ते दुसऱ्या दिवशी ठरवा.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, मित्र तोडणे, हातावर ब्लेडच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसलो तर बरे होईल" असे बोलणे. अशा वेळी स्पष्ट विचारा, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मूल मोकळे होते. घरातले उंदराचे औषध, कीटकनाशक, झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि मुलाला एकटे सोडू नका. पोलिसांच्या भीतीने इलाज लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला सहसा शिक्षा केली जात नाही. आमच्या भागातल्यांना कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि देशभर कोठूनही १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीत मिळतो. फोन मुलानेच करायला हवा असे नाही, आईवडीलही करू शकतात.