खडकाळ वाटेची सायकल

जबलपूरहून भेडाघाट सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. डांबरी रस्ता सोडून नर्मदेकाठच्या खडकाळ वाटेला लागताच सायकलीची खरी परीक्षा होते. अशा वाटेसाठी पुष्कळ जण आधी महागडे गिअर घेतात. वास्तविक पहिला खर्च टायरवर करावा. खडीसाठी सुमारे ४०, तर डोंगरवाटेसाठी ५० मिलिमीटरहून रुंद टायर योग्य ठरतो. त्यात हवा थोडी कमी ठेवता येते. त्यामुळे पकड वाढते व धक्के सौम्य होतात. मात्र टायर रिमला साजेसा असावा आणि फ्रेमला न घासता फिरावा. उतारावर जीव ब्रेकवर अवलंबून असतो. म्हणून झिजलेली ब्रेकची रबरे तत्काळ बदलावीत. आधी पकड आणि थांबण्याची सोय, मग गिअर, हाच सुज्ञ क्रम होय.

पाठगत प्रश्न : गिअरपूर्वी टायर का बदलावा?