घाटाचा चढ, सायकलचा गिअर आणि आपला वर्ग



"गिअरची सायकल असली की घाट सोपा!" असं मुलं हमखास म्हणतात. पण गिअर नेमकं करतो काय? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्र पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर असे तीन दिवस सायकलने फिरलो. त्याच रस्त्यावरचं गणित आज बघूया. पाचवीच्या भागाकाराला छान जोडता येतं.

चढ किती?
वाईची उंची सुमारे ७०० मीटर, पाचगणीची सुमारे १,३००. मधला पसरणी घाट साधारण १२ किलोमीटर. म्हणजे १२,००० मीटर रस्त्यात ६०० मीटर चढ. दर १०० मीटरला ५ मीटर.

गिअर काय करतो?
समजा, पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६. ४८ ÷ १६ = ३. पायडलचा एक फेरा मारला की चाकाचे तीन फेरे. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर सायकल ६.३ मीटर पुढे जाते. आता पुढे २८ आणि मागे २८ दात्यांवर चेन आणा. एका फेऱ्यात फक्त २.१ मीटर!

पहिल्या गिअरमध्ये अख्ख्या घाटाला सुमारे १,९०५ फेरे लागतात, दुसऱ्यात सुमारे ५,७१४. फेरे तिप्पट, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर साधारण एक तृतीयांश. घाट मात्र तेवढाच, ६०० मीटरचा. गिअर काम कमी करत नाही, कामाचे लहान हप्ते पाडून देतो.

वर्गात काय?
५२ − २७ ला अडलेल्या मुलाला आपण सोपी उदाहरणं देत बसतो. म्हणजे घाटच टाळतो. त्याऐवजी हप्ते पाडून द्या: ५२ − २० = ३२, ३२ − २ = ३०, ३० − ५ = २५. वेळ लागेल, पण पोचेल तिथेच. नाहीतर "मला गणित येत नाही" हे ते मूल स्वतःच ठरवून टाकतं, आणि मग ते पुसणं फार अवघड जातं.

आणखी एक गोष्ट. घाटात आम्ही सगळ्यात सावकाश चालवणाऱ्या मित्राला पुढे ठेवलं. तो मागे असता तर आम्ही वळणावर थांबून त्याची वाट पाहिली असती, आणि तो आला की लगेच निघालो असतो. म्हणजे विश्रांतीची खरी गरज ज्याला, त्यालाच ती मिळाली नसती! वर्गातही हेच होतं ना? हळू सोडवणाऱ्याचं उदाहरण संपतं न संपतं, तोच आपण फळ्यावर पुढचं लिहितो. त्याला दोन मिनिटं द्या. घरी अभ्यास घेताना पालकांनीही.

करून बघा
सायकल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी हवं. चाकावर खडूने खूण करा. पायडल हळूहळू एक फेरा फिरवून चाकाचे फेरे मोजा. मग दोन्ही चक्रांचे दाते मोजून भागाकार करा. उत्तर जुळतं का? चेनजवळ मुलांची बोटं जाणार नाहीत, एवढं सांभाळा.

जाता जाता मुलांना एक प्रश्न: महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून चाकाची रिम तापते. का बरं? आधी तळहात एकमेकांवर घासायला सांगा, उत्तर तीच देतील.